कोबीवरील किडी आणि सूत्रकृमी : एका उपायाच्या इतिहासाची चिकित्सा

कोबीवर्गीय पिकांवरील किडींचा इतिहास लिहावयाचा झाल्यास १९५३ हे साल टाळता येत नाही. त्या वर्षी जावा बेटावरील लेम्बांगच्या डोंगराळ भाजीपट्ट्यातून अंकरस्मित या संशोधकाने असे नोंदविले की, कोबीच्या पानांची चाळण करणाऱ्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळ्या डीडीटीला दाद देईनाशा झाल्या आहेत. शेतीत डीडीटी येऊन तेव्हा पुरते एक तपही झाले नव्हते. भारतात या पतंगाची नोंद १९१४ मध्येच फ्लेचर यांनी केली होती. येथेही लुधियानाच्या परिसरात डीडीटी व पॅराथिऑन यांचा प्रभाव ओसरू लागल्याचे वर्मा आणि संधू यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले. पुढे १९९० मध्ये हवाई बेटांतील शेतांतून टॅबॅश्निक व त्यांचे सहकारी यांनी याहून चिंताजनक वृत्त दिले. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूपासून केलेले फवारेही याच कीटकाने पचविले होते. ज्या जैविक उपायावर रसायनांच्या विरोधकांची सारी भिस्त होती, तोच येथे थिटा पडला.

या पार्श्वभूमीवर कीटकांना मारणाऱ्या सूत्रकृमींची कथा सामान्यतः अशी सांगितली जाते : रसायने हरली, जिवाणूंची विषे हरली, तेव्हा माणूस निसर्गाकडे वळला आणि त्याला मातीत हा सूक्ष्म मित्र सापडला. कथा ऐकावयास सरळ आहे. मूळ लेख मात्र तिला पुष्टी देत नाहीत. सूत्रकृमींचा हा उपयोग डीडीटीहून जुना आहे, तो कोबीसाठी शोधलेला नव्हता, आणि कोबीच्या शेतात त्याला जे यशापयश आले त्याचा अर्थ लावताना अभ्यासकांकडून काही काळ नावांचाच घोटाळा झाला. हा घोटाळा ध्यानात न घेता जुने निष्कर्ष उचलले तर चुकीचा कृमी चुकीच्या किडीवर सोडला जाईल; म्हणून त्याची फोड करणे अगत्याचे आहे.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. मराठीतील ‘कोबी’ पोर्तुगिजांच्या ‘कोव्ह’वरून आली, ‘सूत्रकृमी’ हा शब्द मात्र संस्कृत सामग्रीतून घडविलेला, आणि चांगला घडविलेला आहे. ग्रीक ‘नेमा’ म्हणजे सूत; तेव्हा मूळ संज्ञेतील दोऱ्याची प्रतिमा मराठीत जशीच्या तशी उतरली आहे. अडचण अर्थच्छटेची आहे. टोमॅटो, वांगी, भेंडी यांच्या मुळांवर गाठी आणणारा जो कृमी, त्याच्यामुळे हा शब्द बागाइतदाराच्या कानी प्रथम पडतो. तोच शब्द ‘मित्र’ किंवा ‘हितकारी’ हे विशेषण लावून पुन्हा त्याच्यापुढे ठेवला की तो साशंक होतो, यात नवल नाही. वास्तविक या दोहोंचा संबंध दूरचा आहे. गाठी आणणारा कृमी वनस्पतीच्या पेशीत सुईसारखी शुंडा खुपसून रस शोषतो. कीटकमारक कृमीला तशी शुंडाच नसते.

या दुसऱ्या वर्गातील पहिल्या कृमीचे वर्णन गॉटहोल्ड स्टाइनर यांनी १९२३ मध्ये केले. जर्मनीतील स्प्रूस वृक्षांवर पडणाऱ्या एका करवती माशीच्या अळीत तो सापडला होता. स्टाइनर यांनी त्याला अ‍ॅप्लेक्टाना या आधीच्याच वंशात बसविले. ब्राझीलच्या त्रावास्सोस यांना ते पटले नाही. त्यांनी १९२७ मध्ये नवा वंश कल्पून त्याला स्टाइनर यांचेच नाव दिले – स्टाइनरनेमा. गंमत अशी की, दोनच वर्षांनी स्टाइनर यांनी दुसऱ्या एका कृमीचे वर्णन करताना हे नाव बाजूस ठेवून निओअ‍ॅप्लेक्टाना हे आणखी एक नाव प्रचारात आणले. पुढील अर्धशतक हीच दोन नावे शेजारी शेजारी नांदली.

तो दुसरा कृमी अमेरिकेतील होता. जपानी भुंगेरा १९१६ मध्ये न्यू जर्सी राज्यात प्रथम आढळला आणि हिरवळीची मुळे खाणाऱ्या त्याच्या अळ्यांनी पुढे मोठा उच्छाद मांडला. १९२९ मध्ये ग्लेसर व फॉक्स यांना त्याच राज्यातील एका गोल्फच्या मैदानात या अळ्या मरून पडलेल्या दिसल्या, व मृत देहांत सूत्रकृमी वळवळत होते. रुडॉल्फ ग्लेसर हे प्रिन्स्टन येथील रॉकफेलर संस्थेत काम करीत. कीटकाच्या देहाबाहेर, कृत्रिम खाद्यावर हा कृमी वाढविण्यात त्यांना यश आले आणि १९३० नंतरच्या दशकात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो न्यू जर्सीतील अनेक क्षेत्रांवर सोडून पाहिला. परोपजीवी कृमीची अशी पैदास त्यापूर्वी कोणी केली नव्हती. त्या काळाच्या मानाने हे धाडस मोठेच म्हटले पाहिजे.

परंतु ग्लेसर यांच्या नजरेतून एक गोष्ट निसटली. कृमीबरोबर खाद्यात जे जिवाणू उतरत, त्यांना ते परके समजत आणि जंतुनाशकांनी हटवीत. वस्तुतः कीटकाला मारण्याच्या कामात कृमीचा भागीदार तोच जिवाणू होता. डेन्मार्कमध्ये बोव्हियन यांनी १९३७ मध्ये निओअ‍ॅप्लेक्टाना बिबिओनिस या माश्यांच्या अळ्यांतील जातीचे वर्णन करताना कृमीच्या आतड्यात जिवाणूंचा साठा असावा असे सुचविले होते. पण ही सूचना जवळजवळ तीस वर्षे पडून राहिली. दरम्यान युद्ध आले, युद्धानंतर डीडीटी आले, आणि जपानी भुंगेऱ्यासाठी तर सॅमसन डटकी यांनी १९४० मध्ये वर्णिलेला ‘दुधी रोगा’चा जिवाणूही हाताशी होता. ग्लेसर १९४७ मध्ये निवर्तले आणि त्यांचे काम त्यांच्याबरोबरच थांबल्यासारखे झाले.

ते पुन्हा सुरू झाले याचे श्रेय बव्हंशी त्याच डटकींना आहे. व्हर्जिनियातील सफरचंदाच्या बागांतून, फळ पोखरणाऱ्या कॉडलिंग पतंगाच्या अळीत त्यांना व हाउ यांना एक कृमी मिळाला. त्याची नोंद १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तो डीडी-१३६ या सांकेतिक नावाने जगभर गेला. त्याच वर्षी चेकोस्लोव्हाकियात वायझर यांनी त्याच पतंगातून मिळालेल्या कृमीला निओअ‍ॅप्लेक्टाना कार्पोकॅप्सी असे नाव दिले. डीडी-१३६ ही याच जातीची एक वाण होय. मग कॅलिफोर्नियातील पॉइनर व थॉमस यांनी १९६५ मध्ये त्याच्या सोबती जिवाणूचे वर्णन केले. कृमीच्या आतड्यात तो नेमका कोठे वसतो आणि कृमीच्या वाढीला तो का आवश्यक आहे, हे पुढील वर्षी स्पष्ट झाले. प्रारंभी अ‍ॅक्रोमोबॅक्टर नेमॅटोफिलस म्हटलेला हा जिवाणू १९७९ पासून झेनोऱ्हॅब्डस या स्वतंत्र वंशात गणला जातो.

आज ज्ञात असलेली क्रिया थोडक्यात अशी. कृमीची तिसरी अवस्था तेवढी मातीत मोकळी फिरते. ती काही खात नाही. दुसऱ्या अवस्थेची कात अंगावर तशीच वागवीत, आतड्यात जिवाणू सांभाळीत ती यजमानाची वाट पाहते. लांबी जातीपरत्वे अर्धा ते एक मिलिमीटर. तोंड, गुदद्वार किंवा श्वासरंध्र यांतून ती कीटकाच्या देहात शिरते आणि रक्तद्रवात जिवाणू सोडते. एक-दोन दिवसांत कीटक मरतो. जिवाणू त्या देहाचे अन्न करतात, प्रतिजैविके निर्माण करून तो इतर जंतूंमुळे कुजू देत नाहीत, आणि त्या अन्नावर कृमीच्या दोन-तीन पिढ्या पोसल्या जातात. अन्न सरले की पुन्हा तिसऱ्या अवस्थेतील हजारो कृमी बाहेर पडतात. ग्लेसर यांनी जिवाणू काढून टाकला होता, म्हणजे या गाड्याचे एक चाकच काढले होते. तरीही त्यांना काही ठिकाणी यश आले, हे अधिक आश्चर्याचे आहे.

कोबीचा प्रवेश या इतिहासात येथे, डीडी-१३६ च्या मागोमाग होतो. कॅनडात वेल्च व ब्रियाँ यांनी भाजीपाल्यावरील किडींवर हा कृमी शेतात वापरून पाहिल्याचा वृत्तान्त १९६१ मध्ये प्रसिद्ध केला. त्या प्रदेशात कोबीचा मोठा शत्रू म्हणजे कोबीची मूळमाशी. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला ती परिचित असण्याचे कारण नाही. ती थंड हवेतील कीड आहे. रोपाच्या बुंध्याशी मातीत ती अंडी घालते आणि तिच्या पांढऱ्या, पायरहित अळ्या मुळात शिरून ती पोखरतात. रोप निळसर पडते, दुपारी मान टाकते आणि उपटले तर मुळाच्या जागी कुजका गोळा हाती येतो. जुन्या लेखांत तिचे नाव हायलेमिया ब्रॅसिकी असे आढळेल. आज तिला डीलिया रॅडिकम म्हणतात. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या बाबतीतही तेच : १९५३ च्या लेखातील प्लुटेला मॅक्युलिपेनिस म्हणजे आजची प्लुटेला झायलोस्टेला. कृमी, जिवाणू, माशी, पतंग – या प्रकरणातील प्रत्येक पात्राचे नाव मधल्या काळात बदललेले आहे.

मूळमाशीची अळी मातीत राहते आणि सूत्रकृमीही मातीतच राहतो. तेव्हा हा उपाय तिच्यावर हमखास चालेल, असा तर्क कोणीही केला असता. प्रत्यक्षात काचेच्या बशीत जे दिसले ते शेतात फार विषम प्रमाणात दिसले. कारणे हळूहळू कळत गेली. वसंत ऋतूत रोपे लावली जातात तेव्हा तेथील माती थंड असते आणि कार्पोकॅप्सी ही जाती १० अंश सेल्सिअसच्या आसपास जवळजवळ निष्क्रिय होते. शिवाय तिची शिकारीची रीत दबा धरून बसणाऱ्याची आहे : मातीच्या पृष्ठभागाजवळ शेपटीवर उभी राहून जवळून जाणाऱ्या कीटकाची ती प्रतीक्षा करते. मुळाच्या आत बोगदा खणून बसलेली अळी तिच्या जवळून जातच नाही. माशीच्या अळीची श्वासरंध्रेही अरुंद, त्यामुळे आत शिरण्याचा एक मार्ग जवळपास बंद. पतंगाच्या अळीतून मिळालेला कृमी माशीच्या अळीवर सोडण्यातच मूळ विसंगती होती.

या कामाला अधिक योग्य अशी जाती उपलब्ध होती. बोव्हियन यांची बिबिओनिस थंड मातीतही हालचाल करते, आणि तिचा मूळ यजमानच माशीची अळी आहे. येथेच नावांचा घोटाळा आडवा येतो. रशियात फिलिप्येव यांनी १९३४ मध्ये फेल्टिया वंशातील पतंगाच्या नावावरून निओअ‍ॅप्लेक्टाना फेल्टिई ही जाती वर्णिली होती. १९८२ मध्ये वाउट्स, म्राचेक, गर्डिन व बेडिंग यांनी निओअ‍ॅप्लेक्टाना हा वंश स्टाइनरनेमात विलीन केला. ते योग्यच होते आणि टिकलेही. परंतु त्याच वेळी त्यांनी कार्पोकॅप्सी ही फेल्टिईचीच पर्यायी संज्ञा ठरविली. नामकरणाच्या नियमाप्रमाणे जुने नाव श्रेष्ठ. म्हणून अनेकांनी डीडी-१३६ लाही ‘स्टाइनरनेमा फेल्टिई’ म्हणावयास प्रारंभ केला. काहींनी हे मानले नाही व जुनेच नाव चालू ठेवले. अखेर १९८९ मध्ये पॉइनर यांनी तिन्ही नावांचा नव्याने तपास केला आणि फेल्टिई हे नाव बिबिओनिसशी एकरूप असून कार्पोकॅप्सी ही निराळी जाती आहे, असे प्रस्थापित केले.

याचा परिणाम असा : १९८२ ते १९८९ या काळातील एखाद्या लेखात ‘फेल्टिई’ असे छापलेले असेल, तर तेथे बहुधा आजची कार्पोकॅप्सी अभिप्रेत असते, १९९० नंतरच्या लेखात तेच अक्षर आजच्या फेल्टिईचे, म्हणजे बोव्हियन यांच्या बिबिओनिसचे, वाचक असते. एकच शब्द, आठ-दहा वर्षांच्या अंतराने, दोन भिन्न प्राण्यांना लागला. आणि एकाच वर्षी एकच प्राणी दोन नावांनी वावरला. भाषेच्या अभ्यासकाला शब्द तसाच राहून अर्थ सरकल्याची उदाहरणे नवी नाहीत, परंतु तेथे अर्थाला सरकावयास शतके लागतात. येथे एका निबंधाने तो सरकविला आणि दुसऱ्याने परत आणला. थंडी सोसणारी, माश्यांच्या अळ्यांवर चालणारी जाती आणि उष्ण हवा मानवणारी, पतंगांच्या अळ्यांवर चालणारी जाती यांतील भेद हा शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भेद. नेमका तोच या काळातील साहित्यात पुसट झाला आहे. ‘मूळमाशीवर फेल्टिई निष्फळ’ असे वाक्य वाचताना लेखाचे साल आणि वापरलेली वाण पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये. संकलनपर लेखांत अशी जुनी वाक्ये नव्या नावांशी सर्रास जोडली जाण्याचा धोका आहे, आणि हा दोष प्रयोगकर्त्यांकडे नसून वाचकांकडे जातो.

योग्य जाती निवडूनही प्रश्न पुरता सुटला नाही, हेही नमूद केले पाहिजे. बेल्जियममध्ये बेक व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फेल्टिईची मात्रा, ती देण्याची रीत आणि वेळ या तिन्ही अंगांनी मूळमाशीवर प्रयोग केले. कृमी मुळापर्यंत पोचविणे त्यांना साधले; पण रोपांना मिळालेले संरक्षण प्रयोगशाळेतील आकड्यांच्या मानाने उणेच राहिले. युरोपीय संघाने क्लोरपायरिफॉसची मान्यता २०२० मध्ये संपुष्टात आणल्यापासून या माशीवरील रासायनिक पर्याय आणखी घटले आहेत, आणि म्हणून हा अपुरा उपायही तेथे गांभीर्याने अभ्यासिला जातो.

पतंगाची गोष्ट नेमकी उलट आहे. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी कार्पोकॅप्सीला चटकन बळी पडते. बशीत ठेवली तर दोन दिवसांत मरते. परंतु ती राहते पानावर, आणि पान ही सूत्रकृमीची जागा नव्हे. त्याला हालचालीसाठी पाण्याचा पातळ पापुद्रा लागतो. पानावरचा थेंब सुकला की तोही सुकतो. उन्हातील अतिनील किरण त्याला मारक ठरतात, हे गॉगलर व बूश यांनी १९७८ मध्ये दाखविले. त्यातून कोबीचे पान मेणचट. फवाऱ्याचे थेंब त्यावर न पसरता मण्यांसारखे घरंगळतात आणि कृमींना घेऊन मातीत पडतात. एवंच, कोबीच्या एका शत्रूपाशी कृमी जगतो पण शत्रू सहज मरत नाही. दुसऱ्यापाशी शत्रू सहज मरतो पण कृमी जगत नाही. या पिकावरील सत्तर वर्षांच्या प्रयोगांतील यशापयश या एका पेचातून बरेचसे उलगडते.

त्यावर झालेले प्रयत्न दोन दिशांनी गेले. एक दिशा अनुकूल जागा शोधण्याची. हवाईत टॅबॅश्निक व कॅलिफोर्नियाचे बाउर, काया प्रभृती यांनी जलहालिम या पाण्यात वाढणाऱ्या मोहरीकुलातील भाजीवर प्रयोग केले. तेथे ओलावा मुबलक, आणि पतंग तर जिवाणूच्या फवाऱ्याला सरावलेला. १९९८ मधील त्यांच्या वृत्तान्तानुसार कृमी व जिवाणू यांची जोड प्रत्येकाच्या एकट्याच्या परिणामाहून सरस ठरली, तरी निर्णायक नव्हे. दुसरी दिशा पानावरच परिस्थिती पालटण्याची. जर्मनीतील श्रोअर व एलर्स यांनी कृमींच्या द्रावणात पृष्ठताण कमी करणारा पदार्थ आणि झँथन हा चिकट डिंक मिसळला. थेंब पानावर पसरला आणि चिकटून राहिला. डिंकाने कृमीचे आयुष्य फारसे वाढत नाही. फवारणीनंतरच्या पहिल्या काही तासांतच त्याला अळीपर्यंत पोचणे सुकर होते, आणि तेवढे पुरेसे असते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे शेतातील प्रयोग सुलिस्त्यांतो यांच्या सहकार्याने जावातच झाले. ज्या बेटावर डीडीटी प्रथम निष्प्रभ ठरले, तेथेच कोबीवर कृमी व जिवाणू यांचा एकत्रित व आलटून-पालटून वापर तपासला गेला.

या दोहोंच्या मधली स्थिती पट्टेदार पिसू-भुंगेऱ्याची आहे. प्रौढ भुंगेरा मुळा व चिनी कोबी यांच्या पानांना छिद्रे पाडतो, पण त्याची अळी मातीत मुळांवर असते. दक्षिण चीनमध्ये यान, हान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्षेत्रप्रयोगांत कृमी या भुंगेऱ्यावर उपयुक्त ठरले. उबदार माती, उघड्यावरची अळी आणि तिला मानवणारी जाती, असा योग तेथे जुळून आला होता.

उत्पादनाचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढेच पुरे की, हेक्टरी सुमारे २५० कोटी कृमी लागत असल्याने, मेणपतंगाच्या अळ्यांवर एकेक करून ते वाढविणे म्हणजे समुद्राला ओंजळीने भरती आणण्यासारखे होते. ऑस्ट्रेलियात रॉबिन बेडिंग यांनी १९८१ मध्ये स्पंजच्या तुकड्यांना कोंबडीच्या आतड्यांचा लगदा माखून, त्यावर आधी जिवाणू व मग कृमी वाढविण्याची स्वस्त रीत दिली, तेव्हा हा उपाय बाजारात येऊ शकला. पुढे मोठ्या टाक्यांतील द्रव खाद्याने त्याची जागा घेतली.

भारतात डीडी-१३६ लवकर आला. राव आणि मंजुनाथ यांनी १९६६ मध्ये भात, ऊस व सफरचंद यांवरील किडींवर त्याचा उपयोग दाखविला. पण बाहेरून आलेल्या या वाणीला येथील उष्मा मानवत नसे. १९९२ मध्ये पॉइनर, करुणाकर व डेव्हिड यांनी कोइमतूरच्या ऊसशेतीतून मिळालेल्या हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका या जातीचे वर्णन केले, आणि उष्ण प्रदेशाला साजेसा कृमी हाती आला. बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन केंद्राने त्याची भुकटी तयार केली असून तिचा रोख मुख्यतः हुमणीवर आहे. कोल्हापूर-सांगलीकडील ऊस व भुईमूग उत्पादकांना हुमणीची ओळख करून देण्याची गरज नाही. तिची अळी महिनोन्‌महिने मातीत मुळाशी असते, आणि पावसाळ्यात ती मातीही ओली व उबदार असते. महाराष्ट्रातील कोबी व फुलकोबीवर चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाचा जोर चढतो तो हिवाळा सरताना, हवा कोरडी होऊ लागल्यावर. त्याची अळी पानाच्या खालच्या बाजूस खाते, आणि कोशही पानावरच, विरळ जाळीदार वेष्टनात करते. आयुष्याच्या कोणत्याही टप्प्यावर ती मातीत उतरत नाही.